डोळ्याच्या पेशीतले यकृताचे जनुक

नारपोलीजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायचो. आमच्या घरच्या कापडाच्या कारखान्यात ज्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जे डिझाइन, फक्त त्याचेच नक्षी ठरवणारे भोकं पाडलेले पुठ्ठे टांगलेले असत. त्यावरून मी वर्गात ठोकून दिलं, की डोळ्याच्या पेशीत फक्त डोळ्याचे जनुक उरतात, बाकीचे नाहीसे होतात.

एका लूम कामगाराची मुलगी उठली. "सर, नाहीसे होतात कशावरून?"

"बापाला विचार, रोज पुठ्ठे टांगतो ना तो!" मी म्हणालो. वर्ग हसला. तिने पुन्हा हात वर केला नाही आणि बारावीनंतर विज्ञान सोडलं.

त्या तासानंतर त्याच आठवड्यात मी वाचलं होतं, की जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळे जनुक असतात, डोळ्याच्या पेशीत यकृताचेसुद्धा. काही प्रथिनं डीएनएवरच्या ठरावीक जागी चिकटतात आणि त्या पेशीत कोणता जनुक चालू राहील ते ठरवतात. तरी मी चूक सुधारली नाही. दोन वाक्यांचं काम होतं! अजून स्वतःचाच संताप येतो.

गेल्या महिन्यात तिला शोधून हे सगळं सांगितलं.

"तुमचं चुकलंय हे मला तेव्हाच माहीत होतं, सर," ती म्हणाली. "वर्गाला सांगायचं होतंत."