काकांच्या हॉलमधली भिंत

घरात कुणी इंटिरियर डिझाईन शिकत असेल तर हे वाचा.

मागच्या सेमिस्टरला मी शिळफाट्याच्या काकांच्या घराची मापं घेऊन कॉलेजसाठी ड्रॉइंगची शीट केली होती. हॉल मोठा दिसावा म्हणून कागदावर मधली भिंत पुसून टाकली. मार्क चांगले पडले.

आज दुपारी सहज गेले, तर ती भिंत अर्धी पाडलेली. मिस्त्रींच्या हातात माझ्याच शीटची झेरॉक्स.

"काका, या भिंतीवर वरचा भार आहे का, कुणाला विचारलंत?"

"तूच शीटवर काढून टाकलीस ना गं? मग आणखी कोणाला विचारायचं?"

मी काम थांबवलं. इंजिनिअर उद्या सकाळी येतोय. तेवढ्यात काकूने वरच्या मजल्यावरून हाक मारली, "अगं, बेडरूमचा दरवाजा सकाळपासून लागत नाय. पावसानं फुगला वाटतं."

पाऊस अजून आलेलाच नाही. चौकट वरून दबली होती.

सगळ्यांना खाली अंगणात आणलं, आत जाऊ नका म्हटलं. काका हसले.

घरी पोचले तर काकूचा मेसेज: "कुकर लावायला वर आलेय गं. आता खिडकी पण लागत नाय."

परत निघालेय, रिक्षात बसून लिहितेय. तुमच्या घरातली कुठली भिंत भार घेते, तुम्हाला तरी माहीत आहे का?