कारण विचारायचं नाही

क्रांती बारावी झाली आणि तिनं ठरवलं, अर्थशास्त्र शिकायला इंग्लंडला जायचं. तिचे वडील पिराजी डोंगरी शाहूवाडी तालुक्यातल्या एका गावात दूध संस्थेचे सचिव. ते एवढंच म्हणाले, "जा की. पर कसं जायचं ते तूच शोध."

तिनं शोधलं. तिकडच्या काही विद्यापीठांची मिळून एक प्रवेश परीक्षा होती, तिला पाठ्यपुस्तकच नव्हतं. एक उतारा द्यायचा आणि विचारायचं, लिहिणाऱ्यानं न सांगता काय गृहीत धरलंय? निष्कर्ष कुठं लंगडा पडतो? असले प्रश्न विचारल्याबद्दल शाळेत ती वर्गाबाहेर उभी राहिली होती. इथं त्याचेच गुण मिळणार होते.

जिल्ह्याच्या शहरात, राजारामपुरीत, या परीक्षेचा एक क्लास होता. क्रांती जवळच्या वसतिगृहात राहिली आणि तिथं जाऊ लागली. क्लासचे मालक अमरसिंह सर. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर नियम लिहिले. 'म्हणून' दिसलं की पुढचं वाक्य उत्तर. पर्यायात 'सर्व' आलं की तो चूक. बंद खिडक्यांच्या त्या खोलीत चाळीस पोरं हे एका सुरात घोकू लागली.

क्रांतीनं हात वर केला. "सर, असं का?"

"तुला मार्क पाहिजेत का कारण?"

पोरं हसली. विचार करायच्या परीक्षेची तयारी, आणि विचार केला की हसायचं!

तरी ती दोन महिने टिकली. मग सरांनी सराव चाचणी घेतली. त्यात एक उतारा होता : डोंगरी तालुक्यांतून कॉलेजात येणारी मुलं कमी असतात, म्हणून डोंगरी मुलांना शिक्षणाची आवड नसते. युक्तिवाद योग्य की अयोग्य? क्रांतीनं 'अयोग्य' लिहिलं. सरांनी त्यावर लाल फुली मारली.

ती उभी राहिली. "सर, आमच्या गावाला यष्टी दिवसातनं दोनदा येती. कॉलेज पार लांब. ह्यात आवडीचा काय संबंध?"

"उत्तरसूचीत योग्य दिलंय."

"मग उत्तरसूची चुकलीय."

"बसा, शाहूवाडी," सर म्हणाले, आणि वर्ग खिदळला. मागच्या बाकावर राधानगरीची, म्हणजे डोंगराकडचीच, दोन पोरं होती. त्यांनीही 'योग्य' लिहिलं होतं, आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसत होती. सरांपेक्षा क्रांतीला त्यांची किळस आली. ती वही घेऊन बाहेर पडली, ती परत गेली नाही.

वसतिगृहातच राहून ती स्वतः तयारी करू लागली. मग रोज सकाळी दुधाचं संकलन आटोपलं की पिराजी फोन करायचे आणि पेपरातलं एखाद्या पुढाऱ्याचं भाषण वाचून दाखवायचे.

"साहेब म्हणत्यात, रस्ता झाला म्हणून गावाचा विकास झाला. बोल."

"आण्णा, त्या रस्त्यानं कोण जातंय ते सांगितलंय का?"

"न्हाय की! ट्रकच जात्यात खाणीचे."

अशी चार महिने भाषणं सोलून झाली. क्रांतीनं पुण्याच्या केंद्रावर परीक्षा दिली. पहिल्या पसंतीच्या विद्यापीठानं नकार कळवला. दुसऱ्यानं शिष्यवृत्तीसह घेतलं.

आठवड्याभरात राजारामपुरीच्या चौकात फ्लेक्स लागला. मधोमध क्रांतीचा फोटो, क्लासच्या प्रवेश अर्जावरचा, खांद्यापासून कापलेला. शेजारी हात जोडलेले अमरसिंह सर. खाली लिहिलं होतं, 'आमची शाहूवाडीची वाघीण.'

ती तडक क्लासात गेली. "सर, हे खोटं हाय. उतरवा."

"अगं, तुझंच नाव होतंय की! पेढे कुठायत?" सरांनी तिच्या पाठीवर थाप मारायला हात पुढं केला. ती मागं सरली. आत नवी बॅच घोकत होती, तेच नियम, तोच सूर.

तिनं पिराजींना फोन केला. ते म्हणाले, "मी येऊन फाडतो." दुसऱ्या दिवशी ते खरंच विळा घेऊन आले, पण फ्लेक्स फार उंचावर होता. बापलेक खाली उभे राहून वर बघत राहिले. एक ओळखीचा माणूस थांबून अभिनंदन करून गेला, "सरांनी कष्ट घेतलं बघा पोरीवर," म्हणाला. पिराजी रस्त्याच्या कडेला थुंकले.

क्रांती सप्टेंबरात गेली. तोवर त्याच सांगाड्यावर कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढला होता.