भाचीचं लग्न आणि मामाची कंबर

सांगलीहून निघालो तेव्हा कंबर माझ्या मालकीची होती. पनवेल यायच्या आत ती गेली. कोन गाव मागे पडलं, उतरायची घाई झाली आणि वरच्या फळीवरून बॅग काढायला मी हात उंचावला. कमरेत असा कडाका झाला की कंडक्टरनं टायर बघायला गाडी थांबवली. सगळे टायर शाबूत निघाले. मी मात्र दारातून आडवाच बाहेर आलो.

"फुटक्या खेकड्यासारखा काय चालतोयस, बंड्या?" ताईनं, माझ्या थोरल्या बहिणीनं, खांदा कॉलनीतल्या घराचं दार उघडून स्वागत केलं.

आता यात हसण्यासारखं काही नव्हतं. ताईच्या मुलीचं, केतकीचं लग्न आठवड्यावर आलेलं. आमच्या घराण्यात मामा नवरीला हाताला धरून आणत नाही, दोन्ही हातांवर उचलून बोहल्यावर आणतो. केतकी कॉलेजात कबड्डीची कप्तान. तिनं पकडलेला गडी रेषेपर्यंत पोचला नाही, आईची आठवण काढत जमिनीवर झोपला. आणि मी उचललं नाही तर मान जाणार चुलतभाऊ अविनाशकडे. तो पुण्याहून आधीच येऊन हॉलमध्ये दंड फुगवून बसला होता.

"तुला नाही झेपलं तर मी आहेच," तो म्हणाला. इतकं प्रेमानं बोलला की माझी कंबर आणखी दुखली.

पनवेलमध्ये कंबर धरून रस्त्यावर उभं राहावं, उपचार आपोआप चालत येतो. पानवाला म्हणाला, कडकड करून घ्या. भाजीवाली म्हणाली, आपटा गावाला जा, चोळून घ्या. शेजारच्या देशपांडे वहिनी म्हणाल्या, फिजिओकडेच जा, बाकी सगळी भोंदूगिरी. मी विचार केला, कंबर एक आहे खरी, पण निवड कशाला करायची? सगळंच करू.

पहिला मुक्काम स्टेशनजवळ, जुबेरभाईंकडे. मणका कडकड वाजवून मोकळा करणारा उमदा माणूस. भिंतीवर माणसाच्या पाठीचं चित्र, समोर व्हिडिओ काढायला मोबाईल लावलेला.

"सर, रिलॅक्स. श्वास सोडा. बिस्मिल्ला!"

गावच्या जत्रेत फटाक्यांची माळ लागली तरी एवढा आवाज होत नाही. उठलो तर मी दोन इंच उंच झालो होतो. संध्याकाळपर्यंत मोकळं वाटलं, मग उंची पुन्हा जागच्या जागी आली.

"काही दिवस जड काही उचलू नका, सर," निघताना ते म्हणाले. मी हे वाक्य तिथेच ठेवून आलो.

दुसरा मुक्काम आपटा. रिक्षानं गेलो. पाताळगंगेच्या काठावर गणूदादा अंगणात खाटेवर लोकांना पालथं घालतात. ओवा-लसूण घालून कढवलेलं कोमट तेल आणि नांगर धरून तयार झालेले अंगठे. समोर नदी, पलीकडे हिरवं रान, आणि माझ्या तोंडून निघणारे आवाज ऐकून बगळे उडून गेले.

"कंबर तुमची दगड झाली हाय," गणूदादा म्हणाले. "खुर्चीत बसून बसून. आमी बगा, कदी बसतच नाय!"

"मग तुमची कंबर दुखत नाही?"

"दुकते ना! बायको चोळते."

बायकोनं घरातूनच हाक मारली, "खोटं बोलू नका, तुमी घोरता तवा चोळते!" आणि तांदळाची भाकरी, जवला (बारीक सुकी कोळंबी) आणि कांदा पुढ्यात आणून ठेवला. मी त्यांच्या हातची भाकरी मोजली नाही, पण चूल विझली तेव्हा थांबलो. त्या रात्री झोप अशी लागली की सकाळी ताईनं नाकाशी हात धरून पाहिला.

निघताना गणूदादांनी बजावलं होतं, "वजन उचलायचा नाय." तेही वाक्य मी नदीतच सोडलं.

तिसरा मुक्काम नवीन पनवेलात, सायली मॅडमकडे. तरुण फिजिओ. त्यांनी आधी अर्धा तास फक्त विचारलं. पायाला मुंग्या येतात का, बोटं बधिर होतात का, खोकल्यावर कळ जाते का. मग पाय उचलायला लावले, टाचांवर चालायला लावलं.

"काका, नस दबलेली दिसत नाही. स्नायू धरलाय. झोपून राहू नका, हालत राहा." हातानं कंबर मोकळी केली आणि घरी करायचे व्यायाम दिले. पालथं पडून कोपरांवर उठायचं. खुर्चीवरून हात न टेकता उभं राहायचं.

"आणि यंदा नवरी-बिवरी उचलायचं डोक्यात नाही ना?" त्यांनी विचारलं. मी खिडकीबाहेर बघितलं. घरी येऊन मात्र सांगितलं, "तिघांनीही परवानगी दिली."

चूक इथे झाली. माझी नव्हे, ताईची. ज्याच्या दारात ती क्षणभर टेकते, त्याच्या हातात ती कुंकू लावलेली पत्रिका ठेवूनच उठते. मला न्यायला आणि आणायला ती तिन्ही ठिकाणी आली होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी खुर्चीवरून इतक्या झोकात उठत होतो की अविनाशचा चेहरा उतरला. नवरदेव उरणचा कोळी. त्याची वऱ्हाडी मंडळी सोन्यानं लखलखत, खारं वारं बरोबर घेऊन आलेली. मंगलाष्टकांची वेळ झाली. केतकी मंडपाच्या दाराशी उभी. मी बाह्या सावरल्या आणि वाकलो.

"काका!"

"सर, नको!"

"ए बाबा, थांब!"

तीन कोपऱ्यांतून तीन आवाज. सायली मॅडम साडी सावरत, जुबेरभाई शेरवानीत, गणूदादा नव्या टोपीत. तिघं माझ्यापाशी पोचले आणि एकमेकांकडे बघू लागले.

"हे माझे पेशंट आहेत."

"मॅडम, इनकी कमर मैंने खोली है."

"मग आमी काय माशांना तेल लावलं?"

"ती तिघांची परवानगी कुठंय, बंड्या?" ताई एवढंच म्हणाली. भटजींनी घड्याळ बघितलं. अविनाश दंड थोपटत पुढे झाला. कमरेचं काही नाही हो, पण ज्या पोरीला बोबडं बोलायच्या वयात खांद्यावर बसवून मिरवलं, तिला आज दुसऱ्यानं उचलायचं?

केतकीनं एक हात वर करून अविनाशला थांबवलं. "तू नको. मला हाच मामा हवा."

"अगं, पण मला..." मी म्हणालो.

"तू गप."

आणि मुंडावळ्या बांधलेल्या, हिरव्या शालूतल्या माझ्या भाचीनं गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली आणि मला, होय मला, दोन्ही हातांवर उचललं. "बरोबर! वजन अंगाजवळ धर!" सायली मॅडम ओरडल्या. "झटका देऊ नका!" जुबेरभाई. कोळी मंडळींनी होडी पाण्यात ढकलताना देतात तसा हाळीचा एक दणका दिला आणि मांडव हलला. बोहल्यावर पोचेपर्यंत मी रडत होतो, पण उंचावर असल्यामुळे कोणाला दिसलं नाही.

परतीच्या प्रवासात दर थांब्यावर उतरून मी चालत होतो. उपचाराबद्दल लोक विचारतात, तर खरं सांगतो. जुबेरभाईंनी मोकळं केलं, गणूदादांनी झोपवलं, आणि कंबर मात्र सायली मॅडमच्या रोजच्या व्यायामानं उभी राहिली. तिघांना आधीच एकमेकांबद्दल सांगितलं असतं, तर नेमकं काय कशाला हवं ते लवकर कळलं असतं.

घराण्यात पुढचं लग्न ठरलंय. त्या नवरीच्या मामाचा परवा फोन आला. म्हणाला, "बंडूभाऊ, एक विचारू? नवरीला किती किलोपर्यंत झेपतं?"