सिद्रच्या पानातली वाट

सुजाताताईंचा नागपूरहून फोन आला, तेव्हा मस्कतमधल्या अल घुब्राच्या आमच्या शाळेत मी प्रयोगशाळेची कपाटे आवरत होते. "बाई, हे गेले..." एवढेच त्या आधी म्हणाल्या. त्यांचे 'हे' म्हणजे विश्वास कांबळे, इथे तेलवाहिन्यांची तपासणी करणारे अभियंते आणि अनेक वर्षे आमच्या वरच्या मजल्यावर राहिलेले शेजारी. त्याला आता काही आठवडे झाले. मी आयुष्यभर मुलांना जीवशास्त्र शिकवले. पण पाहायचे कसे, हे मी कांबळेसाहेबांकडून शिकले, आणि ते कृतज्ञतेने लिहून ठेवावे असे वाटते.

त्यांच्या आवडीचा विषय होता 'स्टिग्मेला' ही चिमुकल्या पतंगांची प्रजाती. प्रजाती म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा समूह. हे पतंग पंख पसरूनही तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान भरतात. त्यांच्या स्पर्शिकेचे बूड रुंद असते आणि ते डोळ्यावर टोपीसारखे झाकण धरते. भिंगातून ती टोपी पहिल्यांदा दिसली, तेव्हा मी वर्गातल्या मुलीसारखी ओरडले होते. मात्र पंख पाहून यांच्या जाती सहसा ओळखता येत नाहीत. नराच्या पोटाच्या टोकाशी मीलनाचे कठीण अवयव असतात आणि किल्लीच्या दात्यांसारखी त्यांची घडण जातीगणिक बदलते. म्हणून पोट अलग करून कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळायचे, मऊ भाग विरघळला की उरलेला सांगाडा काचपट्टीवर बसवायचा. हे सारे साहेब जेवणाच्या टेबलावर करत, आणि सुजाताताई ताटे घेऊन बाजूला उभ्या राहत. "आधी पतंगाचं पोट, मग माणसांचं," असे त्या म्हणत.

मस्कतजवळ अल अमेरातला अबू सालिम नावाच्या ओमानी गृहस्थांच्या अंगणात सिद्रचे मोठे झाड होते. सिद्र ही आपल्या बोरीचीच बहीण. स्टिग्मेलाची अळी तिच्या पानाच्या वरच्या आणि खालच्या सालीमधला गर खात पुढे सरकते; पान उजेडासमोर धरले की तिची नागमोडी वाट दिसते आणि वाटेच्या मधोमध विष्ठेची काळी रेघ. या झाडावर दोन तऱ्हेच्या वाटा होत्या, बारीक रेघेच्या आणि जाड रेघेच्या. बारीक रेघेचे नर साहेबांनी पूर्वीच तपासले होते. ती माहीत असलेली जाती होती. जाड रेघेची जाती नवी असावी, अशी त्यांची अटकळ होती, आणि तसे ठरले तर तिला पत्नीचे नाव द्यायचे त्यांच्या मनात होते.

"किडीला माझं नाव? माहेरी काय सांगू?" सुजाताताई म्हणाल्या.

"पतंग आहे तो. लहानपणी कीड असतो, एवढंच."

"तुम्हीही होतात. सासूबाई सांगायच्या."

अडचण एवढीच होती की, जाड रेघेच्या पानांतून आजवर माद्याच निघाल्या होत्या. इतक्यात, काही वर्षांपूर्वी, साहेबांची निवृत्ती आली. नोकरी संपली की व्हिसा संपतो, हा इथला नियम. आणि नागपूरला जाऊन हे झाड कुठून आणायचे? शेवटची पाने आणायला आम्ही तिघे अमेरातला गेलो. फाटकातच फवारणीच्या औषधाचा उग्र वास आला. अबू सालिम आनंदाने पुढे आले. हा पाहुणा इतकी वर्षे आपल्या झाडाची कीड वेचून नेतो, म्हणजे झाडावर उपचार करतो, असा त्यांचा समज होता. साहेबांना ते अरबीत 'मुहंदिस', म्हणजे अभियंता, म्हणत. "मुहंदिस, खलास! एक भी कीडा नहीं बचा. आप के लिये किया!" साहेब क्षणभर झाडाकडे पाहत राहिले... मग चटईवर बसले, खजूर आणि काहवा, म्हणजे अरबी कॉफी, घेतला, आणि म्हणाले, "शुक्रान, अबू सालिम. झाड बहुत सुंदर दिखता है." गाडीत ताई उसळल्या, "अहो, सांगायचं होतंत ना!" "काय सांगू? निरोपाची भेट दिली त्यानं मला," साहेब शांतपणे म्हणाले.

उरली होती ती आधीच्या फेरीत आणलेली एक बाटली. वरच्या घरात बांधाबांध सुरू असल्याने जाड रेघेची ती पाने माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली होती. मी रोज सकाळी चहाआधी बाटली पाहत असे. एके दिवशी काचेवर एक ठिपका चालताना दिसला. साहेब खाली आले, भिंग लावले आणि हलकेच म्हणाले, "नर आहे, बाई."

सूक्ष्मदर्शक तेवढा बांधायचा राहिला होता. खोक्यांच्या गराड्यात त्यांनी नवी काचपट्टी तयार केली, बारीक रेघेच्या नराची जुनी शेजारी ठेवली, आलटून पालटून पाहिले आणि ते खुर्चीवरून उठले. "तुम्ही पाहा. माझं मन एका बाजूला झुकलंय, तुम्ही सांगा."

मी पुन्हा पुन्हा पाहिले. सुजाताताई दारात उभ्या होत्या. वेगळेपण सापडावे, अशी माझीही इच्छा होती... पण दाता नि दाता जुळत होता. "सारखेच आहेत, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी दीर्घ श्वास सोडला आणि मग ते मनापासून हसले. "सुजाता, सुटलीस!" लगेच त्यांनी, कुठले पान झाडाच्या कुठल्या बाजूचे हे नोंदलेल्या, पानांवरच्या चिठ्ठ्या काढल्या. जाड रेघेची सगळी पाने भिंतीच्या सावलीतली निघाली. अळी तीच होती, सावलीतले पान निराळे होते, म्हणून रेघ जाड उमटत होती. "दोन समजत होतो ते एक निघालं. हेही वर्गीकरणच, बाई," ते म्हणाले. काचपट्टीवर त्यांनी जुन्याच जातीचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहिले.

नागपूरहून आलेल्या त्या फोनवर शेवटी सुजाताताई म्हणाल्या, "नावाचं मी थट्टेवारी न्यायचे, पण मला आवडलं असतं हो. तरी एक सांगते, यांनी ओढूनताणून दिलं असतं, तर ते मला नको होतं."

ती बाटली तेव्हापासून शाळेच्या प्रयोगशाळेत, खिडकीपाशी आहे. तिच्यात सिद्रची दोन वाळलेली पाने आहेत, एक उन्हातले, एक सावलीतले; आणि शेजारी साहेबांनी जाताना दिलेल्या त्या दोन काचपट्ट्या. दरवर्षी नव्या वर्गाला मी ती उजेडासमोर धरायला देते. मुले विचारतात, "मॅडम, सेम आहेत की डिफरंट?" उत्तर मला ठाऊक आहे. तरीही मी खुर्चीवरून उठते, सूक्ष्मदर्शकासमोरची जागा मोकळी करते आणि म्हणते, "तुम्ही सांगा."