माळ्यावर ठेवलेले टायर

मुक्ता आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर मुक्ताने दोन टायर कॅमेऱ्यासमोर धरले आणि विचारलं, "आजी, शर्यतीला यातला कुठला घेऊ?" तुमचे बाबा मागे हसत होते. आजीला टायरमधलं काय कळणार! खरंच, मला काही कळत नाही. पण ज्यांना कळायचं त्या बाईंच्या शेजारी मी राहिले आहे. त्या गेल्या चैत्रात वेंगुर्ल्याला वारल्या. आचऱ्यात त्यांच्याबद्दल सांगणारं आता फारसं कोणी नाही, म्हणून फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहूनच पाठवते.

आमच्या शाळेत त्या पी.टी. शिकवायच्या आणि मी इंग्रजी. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. सकाळी शाळेच्या आवारात शिरल्या की त्या आधी सायकलींच्या रांगेकडे वळायच्या. पदर कमरेला खोचून वाकायच्या आणि एकेक टायर अंगठ्याने दाबत पुढे जायच्या. सायकल पोराची असो, शिपायाची असो नाहीतर हेडमास्तरांची, अंगठा सगळ्यांना सारखाच बसायचा. "सर, मागच्या चाकात हवा नाही. रिम खराब होईल," असं त्या हेडमास्तरांना प्रार्थनेच्या आधीच ऐकवायच्या. सर नुसती मान डोलवायचे आणि मधल्या सुट्टीत गुपचूप पंप शोधायचे.

त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या, शिकल्या पुण्याला. तिथे सायकलच्या शर्यतींत भाग घ्यायच्या. आचऱ्याला रुजू व्हायला आल्या त्या दिवशी त्यांनी एस.टी.च्या टपावरून सायकल इतकी जपून उतरवून घेतली की ट्रंकेची आठवणच राहिली नाही. ट्रंक तशीच पुढे मिठबावला गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. तोवर त्या माझ्या साडीत वावरल्या.

आमच्या शेजारच्या काकींनी त्यांना बाहेरची खोली भाड्याने दिली. काकी म्हाताऱ्या, एकट्या, मुलगा मुंबईत. बाई काकींना 'आये' म्हणायच्या आणि मला 'वयनी'; काकी त्यांना 'चेडू' म्हणायच्या, म्हणजे मुलगी. शाळेत आमचं बोलणं शुद्ध, घरी आल्यावर मालवणी. घरी मी त्यांना अगोतुगोच करायचे, पण लिहिताना हात तसा वळत नाही.

रोज उजाडताना त्या कणकवलीच्या रस्त्याने सरावाला निघायच्या. शेजारीपाजारी काकींना छळायचे.

"काकी, तुमची भाडेकरीण खंय जाता गो सकाळी सकाळी?"

"खंयच नाय. जाता नि परत येता."

"मगे जाता कित्याक?"

"ता तिका विचारा. माका विचारू नको, मी चाय ठेवतंय."

एकदा टायर घ्यायला त्या मला मालवणला घेऊन गेल्या. दुकानदाराने दारात टांगलेला टायर काढून दिला. तो त्यांनी हातात घेतला नाही. "उन्हात टांगलेलो नको, आतलो दाखवा. रबराक ऊन बाधता." आतला आला. तो त्यांनी उलटा करून आतले दोरे पाहिले, कड चिमटीत धरून पिळली, वाकवून कानाशी नेला. असे चार-पाच टायर झाल्यावर दुकानदार म्हणाला, "बाई, टायर घेतास की चेडवाक नवरो बघतास?"

"नवऱ्याक काय वर्षभर खडीर घासूचो नसता," त्या म्हणाल्या. दुकानदाराने पुढचे सगळे टायर मुकाट्याने काढून दिले.

येताना एस.टी.त त्यांनी मला समजावलं. सरावाचा टायर वेगळा, शर्यतीचा वेगळा. सरावाचा जाड, जड, कडेला भक्कम. त्याने वर्षभर चिऱ्याचे तुकडे, काटे, शिंपले सगळं सोसायचं. तो ओढून ओढून पायात ताकद येते. शर्यतीचा पातळ आणि हलका. तो पुण्याहूनच आणायचा, थोडा चालवून सवयीचा करायचा आणि मग काढून ठेवायचा. "सरावाचो टायर म्हणजे बैल, वयनी, नि शर्यतीचो म्हणजे जावय. जावयाक वर्षातसून एकदाच बोलवचो." पुढच्या बाकावरचे एक जावई मागे वळून बघायला लागले.

आता शर्यतीचं सांगते. दिवाळीनंतरच्या रविवारी आचऱ्याच्या तिठ्यावरून मालवण आणि परत, अशी सायकलची शर्यत आमच्याकडे व्हायची. ती फक्त पुरुषांची. बाईंच्या हाताखालच्या आठवीतल्या तीन मुलींनी नावं द्यायचा हट्ट धरला. बाई मंडळाच्या अध्यक्षांकडे गेल्या, बरोबर मीही होते. अध्यक्ष भले गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, मुलींचो गट ठेवूक माझी ना नाय. पण चढ किती आसत ते बघितलास ना? मंडळातली माणसा आयकाची नाय. एखाद्या बायल माणसान आधी वेळेत पुरी करून दाखवक व्हयी. मगे मी बघतंय कोण नाय म्हणता तो."

वेळ म्हणजे काय, तर पहिला आल्यानंतर एका तासाने तिठ्यावर बांधलेला दोर सोडायचे. त्यानंतर येणारा शर्यतीत धरला जात नसे.

"मी करतलंय," बाई म्हणाल्या. मे महिन्यात त्या पुण्याला जाऊन शर्यतीच्या टायरांची जोडी घेऊन आल्या. आठ दिवस ते टायर चालवले, काढले आणि पाऊस लागायच्या आधी काकींच्या हवाली केले, कारण स्वतःच्या खोलीला गळती होती.

"आये, सुक्या जाग्यार ठेव हां."

"ठेवतंय गो चेडवा. पाऊस सरापर्यंत त्येंची काळजी सोड."

बाईंनी काळजी सोडली. पावसाळाभर त्या जाड टायरांवर चिखल तुडवत राहिल्या. रविवारी शर्यतीच्या रस्त्याने चक्क चालत जायच्या. सायकलवरून रस्ता कळत नाही, तळव्यांना कळतो, असं त्यांचं म्हणणं.

शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी त्यांनी टायर मागितले. काकींनी स्वयंपाकघरात शिडी लावली.

तुम्ही आमचं जुनं स्वयंपाकघर पाहिलेलं नाही. चुलीच्या वर लाकडी माळा असायचा. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींनासुद्धा बुरशी यायची; म्हणून जे जपायचं ते त्या माळ्यावर, धुरात. सुके बांगडे, कोकमाची सोलं, बियाणं. काकींनी एकदा मुलाने आणलेला रेडिओही तिथेच ठेवला होता. टायर त्यांनी सुक्या बांगड्यांच्याही वरच्या दोरीला टांगले होते, चुलीच्या बरोबर डोक्यावर.

बाई ते घेऊन माझ्या पडवीत आल्या. त्यांनी एक टायर वाकवला. तो पापडासारखा कुरकुरला. उन्हाळ्यात मळ्याची जमीन तडकते तशा भेगा उभ्या-आडव्या पडल्या होत्या. बांगड्याचा वास तर माझ्या खुर्चीपर्यंत येत होता.

"वयनी," त्या म्हणाल्या, "जावय वाळलो." हसल्या, आणि हसता हसता पायरीवर बसून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"काकीक सांगितलंस?"

"काय सांगू? घरातली सगळ्यात बरी जागा दिल्यान तिना. रोज चुलीत जाळ करून शेकल्यान त्येंका."

तुमचे आजोबा म्हणाले, मुंबईला फोन लावतो, शनिवारच्या गाडीने नवे टायर येतील. बाईंनी नको म्हटलं. "अनोळखी टायर घालून शर्यतीक उतराचा नाय, भाऊ. तो चढार कसो वढता, वळणार खंय घसारता, माका ठावक नाय. बैलाक मी वळाखतंय."

"पण जड टायर, वेळेत पोचशीत?" मी विचारलं.

"नंबर माका नकोच. दोर सोडूच्या आधी पोचलंय की झाला."

शुक्रवारी त्यांनी सायकलवरून जे काढता येईल ते काढलं: कॅरियर, स्टँड, मडगार्ड, दिवा. मागचा जाड टायर एका जागी चिरला होता. दार लावून त्या काय करत बसल्या होत्या ते मला तेव्हा कळलं नाही.

रविवारी तिठ्यावर ही गर्दी. बाई सलवार-खमिसात, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. गर्दीतून कोणीतरी ओरडला, "बाई, कॅरियर खंय? बाजार कशार आणतलास?"

"आज बाजार तुमी आणा," बाई म्हणाल्या, "नि मी येयपर्यंत जेवाण करून ठेवा!" हसू फुटलं तेवढ्यात झेंडा खाली आला आणि सगळे सुटले. पहिल्याच वळणावर बाई शेवटच्या होत्या.

काकी आणि मी दुकानाच्या बाकावर बसलो. पहिला आला, हार-नारळ झाले. मग दोघेतिघे आले. मग एक टेम्पो आला, त्यात सायकली आणि उतरलेल्या चेहऱ्यांची माणसं. मालवणच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, खडी पसरलेली. पातळ टायर तिथे पटापट फुटले होते. काकी प्रत्येकाला अडवून विचारत होत्या.

"आमचा चेडू खंय आसा रे?"

"मागसून येता, काकी."

"पडाक बिडाक नाय मा?"

"नाय गो. खडीर आमी सगळे उतारलव, ता बसानच गेला."

तास संपत आला. मंडळाचा एक माणूस दोराच्या गाठीशी गेला. काकी बाकावरून उठल्या, सरळ जाऊन त्यांनी दोर दोन्ही हातांनी धरला.

"काकी, अजून वेळ आसा. गाठ नुसती सैल करतंय."

"सैल पण करूची नाय. हात लावशीत तर बघ!"

अध्यक्ष घड्याळाकडे आणि काकींकडे आळीपाळीने बघत होते. दोघांतलं काकींचंच भय त्यांना जास्त वाटत असावं. एवढ्यात त्या तीन मुली किंचाळल्या. चढाच्या टोकावर बाई दिसल्या. पायडलवर उभ्या राहून, प्रत्येक पावलाला सगळं अंग एकीकडून दुसरीकडे टाकत त्या येत होत्या. मघाशी कॅरियरवरून ओरडलेला माणूसच आता सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, "बाई, हाणा! हाणा!"

त्या दोरापाशी आल्या. अध्यक्षांनी घड्याळ स्वतः पाहिलं, शेजारच्याला दाखवलं, पलीकडच्यालाही दाखवलं. मग म्हणाले, "वेळेत आसत. लिवा."

काकींनी बाईंना नाही, आधी मागच्या टायरला हात लावून पाहिला. चाकांवर माळ्यावरचेच टायर आहेत, असं त्या धरून होत्या. "बघ! तेवाच म्हटलंय, काय्येक होवचा नाय त्येंका!"

बाईंना धाप लागली होती. माझ्याकडे एकदा बघून त्या म्हणाल्या, "व्हय गो आये. तुझ्याच टायरान पोचयल्यान."

म्हातारीचं मन राखायला बाई खोटं बोलल्या, असंच मी धरून चालले. घरी आल्यावर त्यांनी चाक काढलं आणि मला आत बघायला सांगितलं. चिरलेल्या जागी त्यांनी आतून एक पट्टी घातली होती, माळ्यावरच्या टायरातून कापलेली. वरचं रबर तडकलं होतं, पण आतले दोरे शाबूत होते. खडीने जाड टायर त्याच जागी आरपार फाडला होता. ट्यूब वाचली ती त्या पट्टीमुळे.

"माका काय वाटला, धुरान दोरे पण गेले असतले," त्या म्हणाल्या. "बघ तरी, बांगड्यासारखे टिकले."

दुसऱ्या वर्षी मुलींचा गट ठेवला गेला. त्या तिघींनी नावं दिली, शिवाय मिठबावच्या दोघी आल्या. काकींनी पावसाच्या आधी सगळ्यांचे टायर मागितले. बाईंनी खोलीची गळती काढून घेऊन मुलींचे टायर आपल्या खाटेखाली ठेवले आणि माळ्यावर टांगायला काकींना सगळ्यांचे जुने, फाटके टायर नेऊन दिले. काकींनी ते मरेपर्यंत शेकले. घरी कोणी पाहुणा आला की त्याला मान वर करायला लावून त्या सांगत, "हेंच्यार आमचा चेडू मालवणाक जावन इला."

काकी गेल्यानंतर बाईंची वेंगुर्ल्याला बदली झाली. जाताना ट्रंक विसरायला नको म्हणून मी स्वतः ती गाडीत चढवली. तिकडे त्यांनी आणखी पुष्कळ मुली तयार केल्या. आम्ही भेटायचो. शेवटची भेट झाली तेव्हा त्यांना गुडघ्यांनी धरलं होतं, तरी शेजारच्या मुलीला अंगणात सायकलवरून गोल गोल फिरवत होत्या आणि खुर्चीतूनच ओरडत होत्या, "पुढे बघ गो, चाकाकडे काय बघतस!"

मुक्ता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. बाई असत्या तर त्यांनी टायर पाहायच्या आधी तुला विचारलं असतं की रस्ता कसा आहे आणि त्यावरून तू चालून आलीस का. तेवढं करून बघ. आणि जो घेशील तो शर्यतीच्या दिवशीच पहिल्यांदा चढवू नकोस.

शर्यत अजून होते, दिवाळीनंतरच्या रविवारी, आचऱ्याच्या तिठ्यावरून. मुलींचा गट आधी सुटतो.