तिसरी वाटी

माझा नवरा पदू माथेरानला पर्यटकांना घोड्यावरून फिरवायचा. गेल्या साली घोडा बुजला आणि हा डोक्यावर आपटला. टाके सुकले, चालायला लागला, तसं गाव म्हणालं, वाचला बाबा! कसला वाचला? जेवायला बसला की ताट ढकलायचा. "कालवणात काय घातलंस गं? मला मारायचा इचार हाय का?" मी रांधलेलं आधी शेजारच्या रूपाला खायला लावायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नाक धड आहे, पण डोक्याला मार लागला तेव्हा वास मेंदूपर्यंत नेणारी नस दुखावली. वास नाही म्हणून चव नाही, आणि चव नाही म्हणून संशय. गोळ्या चालू ठेवा आणि रोज सकाळी ओळखीचे वास हुंगायला द्या. नस कधी जागी होते, कधी नाही.

मग तो डोळे मिटून बसायचा आणि मी नाकाशी वाट्या धरायचे. लवंग, लिंबू, भाजलेली सुकट. आधी खेकसायचा, "रिकाम्या वाट्या दाखवून फसवतेस!" पावसाळा सरता सरता तिन्ही बरोबर सांगायला लागला. मुकाट जेवायलाही लागला.

आता संशय मला आला. वाट्यांचा क्रम मी कधी बदललाच नव्हता. एका सकाळी तिसरी वाटी धुऊन, पुसून, रिकामीच धरली.

त्याने लांब श्वास ओढला. "सुकट! झकास भाजलीस गं."

त्याचे डोळे मिटलेले होते, तेच बरं.

"बरोबर," मी म्हणाले.