चौथी शीळ

पाच वीसला गजर होतो. बापू घोंगडे त्याच्या डोक्यात टपली मारून त्याला गप्प करतो आणि गोधडी पुन्हा ओढून घेतो. रविवार आहे खरा, पण आता तलावावर पाखरं बघायला कुणाबरोबर जायचं? बिडवई सर फाल्गुनातच गेले. गजर तेवढा बापूनं काढलेला नाही.

उशाशी सरांची पाखरांच्या नोंदींची वही आहे. आठ दिवस तिथंच पडलीय. सरांच्या मंजिरीनं आणून दिली होती. "बापूकाका, एकदा नजर टाका. पुढच्या सोमवारी छापायला जाते. कव्हरवर कुरल टाकणार आहे. बाबांची शेवटची नोंद ना ती!"

बापू हो म्हणाला. पण त्या पानाशी आला की तो वही मिटतो. कारण तो कुरल म्हणजे बापूच.

कुरल हा लांब वाकड्या चोचीचा हिवाळी पाहुणा. त्यांच्या तलावावर तो कधी फिरकलाच नाही. सरांनी बावीस हिवाळे वाट पाहिली. गेल्या पौषात, दाट धुक्यात, बापू "आलोच" म्हणून बाभळीआड गेला, दोन बोटं ओठांत घातली आणि अस्सल कुरलाची शीळ घातली. तीनदा. पन्नाशी उलटली तरी लग्नात सनईवाल्यासमोर चिंच चोखत बसणारा हा माणूस, तो सरांना बरा सोडेल! हसत हसत परत आला, तर सरांच्या डोळ्यांत पाणी. आणि सरांचा नियम असा की दोघांनी ऐकलं तरच नोंद, खाली दोघांच्या सह्या. सरांनी वही पुढं केली. बापूनं सही ठोकली.

पाचच मिनिटं, असं म्हणत बापू डोळे मिटतो.

गोधडी गार लागते. गार कसली, ओलीच आहे. पाय आखडून घ्यावेत तर पायांखाली चिखल. बापू तलावाच्या बांधावर उभा आहे, लुंगी-बनियनवर. धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही, पण चार पावलांवर सरांची माकडटोपी स्वच्छ दिसते.

"उशीर केलास, घोंगड्या."

"सर, तुम्ही तर..."

"हळू बोल. वर्ग भरलाय."

बांध संपतो तिथं सरांची आठवी ब आहे. बाकांखाली पोटरीएवढं पाणी. बाकांवर चक्रवाक, शेकाटे, थापटे, एकमेकांना चिकटून बसलेले. एक पंख हलत नाही. पाणीसुद्धा हलत नाही. सगळ्यांनी मान वळवून एकेक डोळा बापूवर लावलाय.

बापूची फाटली की त्याला विनोद सुचतो. "बगळ्यांनी दांडी मारली वाटतं, सर?"

कुणी हसत नाही. त्याचा आवाज पाण्यावर पडतो आणि तिथंच बुडतो.

सरांच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेली ती दुरंगी पेन्सिल आहे. निळं टोक नोंदीला, लाल टोक चुकीला. मधलं लाकूड कोळशासारखं काळं झालंय. बापू तिच्याकडे बघत राहतो. स्मशानात त्यानंच ती सरांच्या खिशात ठेवली होती.

सर वही उघडून धरतात. पानावर चार निळ्या रेघा. "शीळ ऐकली की मी रेघ मारतो. किती आहेत?"

"चार."

"तू किती घातल्यास?"

बापूला थाप सुचत नाही. जन्मात पहिल्यांदाच. "तीन," तो म्हणतो. "चेष्टा केली हो, सर. सांगणार होतो, पण तुम्ही रडायला लागलात."

"तिसरी झाली नि बाभळीआडून खोकला आला. कुरल विडी ओढत नाही, घोंगड्या."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं? मग रडलात कशाला?"

"चौथीला रडलो."

बाकांवरच्या सगळ्या माना एकदम दुसरीकडे वळतात. आता दुसरे डोळे.

"तुझ्या तीन खोडायच्या राहून गेल्या," सर म्हणतात. "चौथी माझ्या एकट्याच्या कानांनी चालत नाही. तू ऐकलीस? आज चेष्टा नको."

वर्षभर हेच बापूनं स्वतःशीसुद्धा काढलं नव्हतं. "ऐकली, सर. पाण्याकडून आली. अगदी माझ्या पाठीशी. मागं वळून बघायची हिंमत नाही झाली."

"मग खोड."

पेन्सिल चुलीतल्या लाकडासारखी गरम लागते. बापू एक रेघ खोडतो, दुसरी खोडतो. पाणी मांडीला लागतं. तिसरी खोडताना बाक रिकामे होतात. सगळी पाखरं उठलीत आणि आवाज कसलाच नाही. सर त्यांच्याबरोबर धुक्यात निघालेत. "सर!" बापू हाक मारतो. सर वळतात. माकडटोपीतून काहीतरी लांब, वाकडं, खाली झुकलेलं बाहेर येतं.

"अहो, किती ओरडताय!" बायको निर्मला पडदा सरकवते. उन्हं आलीत. "आणि हे बोटांना काय फासलंय?"

बापूची दोन बोटं, शीळ घालायची तीच, लाल झालीत. वही छातीवर उघडी पडलीय. पानावर चार निळ्या रेघा, त्यातल्या तीन रेघांवर लाल काट. तो थुंकी लावून पुसून बघतो. निघत नाही. घरात लाल पेन्सिल कधी नव्हतीच.

तो मंजिरीला फोन लावतो. "मंजू, कव्हर तेच राहू दे. नोंदीत मात्र एकच शीळ लिही. तीन माझ्या होत्या. मी फसवलं होतं तुझ्या बाबांना."

मंजिरी म्हणते, "काका, तुमच्यावर विश्वास तरी कसा ठेवू? चौथीही तुमचीच नसेल कशावरून?"

बापू लाल बोटांकडे बघतो.

"वही घेऊन येतो," तो म्हणतो. "चौथी सरांनी तपासलीय."